रानझुडपांचं बी रुजवताना: आधी बी ओळखा, मग पाणी घाला

शाळेत असताना मधल्या सुट्टीत कुणीतरी सागरगोटा फरशीवर खसाखसा घासायचं आणि शेजारच्याच्या दंडाला टेकवायचं. चटका असा बसायचा की डोळ्यांत पाणी. त्या खोडीत बी रुजवण्याची अर्धी विद्या दडलेली होती, हे मला फार उशिरा कळलं. घासून घासून पातळ झालेला तो सागरगोटा कुणी पाण्यात टाकला असता तर दोन दिवसांत फुगला असता. न घासलेला सागरगोटा मात्र वर्षभर पाण्यात ठेवला तरी ढिम्म राहू शकतो.

मी पहिल्यांदा रानातलं बी लावलं ते तरवडाचं. शेंगा फोडल्या, बी काढलं, कुंडीत टोचलं, रोज पाणी घातलं. उगवली बोटांवर मोजण्याइतकी. पुढच्या वर्षी कुणीतरी ‘गरम पाणी लागतं’ म्हणालं, म्हणून पातेल्यात टाकून चांगली दहा मिनिटं उकळली. त्या वर्षी एकही उगवलं नाही. उसळ केली होती मी त्यांची! तिसऱ्या वर्षी जमलं. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितो आहे.

आपल्याकडच्या झुडपांपुरतंच बोलतो, म्हणजे सह्याद्री आणि दख्खनचं पठार. इंटरनेटवर ‘बी ओल्या वाळूत घालून तीन महिने फ्रिजमध्ये ठेवा’ असा सल्ला पदोपदी सापडतो. तो थंड देशांतल्या झुडपांसाठी आहे. इंग्लंडमधल्या कुंपणांतल्या हॉथॉर्नला हिवाळा लागतो, कधी कधी दोन हिवाळे काढून मग ते उगवतं. करवंदाचं बी तसं ठेवलंत तर मराल तुम्ही नाही, मरेल ते बी.

वळवाला न फसणारं बी

आपल्याकडे पाऊस चार महिने, कोरड आठ महिने. त्यात एप्रिल-मे महिन्यांत एखाद-दुसरा वळीव येतो, माती ओली होते, चार दिवसांत पुन्हा तापते. त्या ओलीवर विसंबून उगवलेलं रोप पंधरा दिवसांत करपणार. म्हणून हिवाळ्यात बी पाडणाऱ्या झुडपांनी पिढ्यान् पिढ्या एक बंदोबस्त केलेला आहे: पाणी मिळालं तरी लगेच उगवायचं नाही. यालाच सुप्तावस्था म्हणतात. ते बी जिवंतच असतं, फक्त खऱ्या पावसाची खात्री झाल्याशिवाय हलत नाही.

आणि काही झुडपांची फळं पावसाच्या तोंडावरच पिकतात. करवंद, जांभूळ. पंधरा-वीस दिवसांत मृग लागणार असतो. या बियांना वाट पाहायचं कारणच नाही, आणि वाट पाहायची ताकदही फारशी नाही.

तेव्हा नवख्या माणसानं कुठलाही उपचार शोधण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. हे फळ कधी पिकतं? आणि ते खातं कोण? निम्मं उत्तर तिथंच मिळतं. ही मोजपट्टी काही पक्की नाही. कुड्याच्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडी तडकतात, रेशमी झुपके लावून बी वाऱ्यावर उडतं, आणि त्याला काहीच उपचार लागत नाहीत. ते नुसतं कोरडं पडून राहतं, पाणी मिळालं की उगवतं. पण सुरुवातीला ही मोजपट्टी पुरते.

बी गोळा करणं

पिकलेलंच बी घ्या. शेंगेचं झुडूप असेल तर शेंग तपकिरी, वाळलेली, हलवली की खुळखुळणारी हवी. हिरव्या शेंगेतलं बी घरी वाळवून पिकत नाही, सुरकुततं. एकाच झुडपाचं सगळं बी ओरबाडू नका. दहा-बारा वेगवेगळ्या झुडपांवरून थोडं थोडं घ्या. माझा स्वतःचा नियम पाचातला एक भाग घ्यायचा, बाकी रानाला. अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलू नका. तिथं पान उचलणंही कायद्यात बसत नाही. रस्त्याकडेची, बांधावरची, गायरानातली झुडपं भरपूर आहेत, आणि बांध ज्याचा त्याला विचारून घेतलं की कुणी नाही म्हणत नाही.

बी हातात आल्यावर पाच-सहा बिया कापून बघा. आत भरगच्च, पांढरट किंवा फिकट हिरवं दिसलं तर चांगलं. पोकळ, तपकिरी, चुरा झालेलं असेल तर ते झाड सोडा. शेंगवर्गीय बियांना टाचणीएवढं गोल भोक दिसलं की समजा, भुंगेरा आत जेवून बाहेर पडलेला आहे.

पाण्यात टाकून तरंगणारं बी फेकून द्यायची पद्धत सगळे सांगतात. बऱ्याच बियांना ती लागू पडते, पण सागरगोट्याला नाही. चांगला सागरगोटाही तरंगतो. तरंगूनच तर तो जगभरच्या किनाऱ्यांवर पोचला. आयर्लंड-स्कॉटलंडच्या वाळूतही समुद्रानं आणून टाकलेले सागरगोटे सापडतात. नावातच सागर आहे, तरी मी एकदा तरंगले म्हणून टोपलीभर फेकून दिले होते.

गर काढा, अगदी सगळा

रसाळ फळाचं काम पक्षी-प्राणी करतात: बुलबुल, कोल्हा, उदमांजर. गर पचतो, बी स्वच्छ होऊन बाहेर पडतं. गरातच बी रोखून धरणारी द्रव्यं असतात, शिवाय गर मातीत राहिला की बुरशी आणि मुंग्या. तेव्हा बुलबुलाचं काम तुम्हाला करायचं आहे. फळं कोमट पाण्यात कुस्करा, चाळणीवर चोळून धुवा, बी सावलीत वाळवा. करवंदाच्या चिकापायी बोटं चिकटतात, म्हणून आधी हाताला खोबरेल तेल लावा. घरात मुलं असतील तर करवंदं त्यांच्याकडे सोपवा. ती ‘कोंबडा की कोंबडी’ खेळत एकेक फळ फोडतील, खातील आणि बिया तुमच्यासमोर थुंकतील. एवढी चांगली सफाई यंत्रानं होत नाही.

रात्रभराची परीक्षा

ही पायरी कुणी करत नाही, आणि सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. कुठलाही उपचार न केलेल्या वीस बिया घ्या, साध्या पाण्यात चोवीस तास ठेवा. शेजारी तुलनेसाठी तशाच कोरड्या बिया ठेवा. दुसऱ्या दिवशी बघा.

फुगल्या, मऊ झाल्या तर कवचातून पाणी आत जातंय. कानस, गरम पाणी यांची गरज नाही. उलट त्यांनी नुकसानच होईल. जशाच्या तशा, टणक, तेवढ्याच आकाराच्या राहिल्या तर ते बी कुलूपबंद आहे. काही फुगल्या, काही नाही, असंही होतं. एकाच शेंगेतल्या बियांतही होतं. रानाला ते सोयीचं असतं, काही या वर्षी, काही पुढच्या. रोपवाटिकेला नसतं.

कुलूपबंद बिया: तरवड, मुरुडशेंग, सागरगोटा

यांच्या कवचात उभ्या पेशींची एक रांग असते, एकमेकींना घट्ट चिकटलेली, कुडाच्या भिंतीसारखी. तिच्यातून पाणी आत शिरत नाही. शेंगवर्गीय बियांमध्ये डोळ्याजवळ, म्हणजे बी जिथं शेंगेला चिकटलेलं होतं त्या खुणेजवळ, एक कच्चा सांधा असतो. रानात उन्हाळाभर दिवसा तापणं, रात्री निवणं चालतं, त्यानं तो सांधा हळूहळू उकलतो. आपण तेच काम एका रात्रीत करायचं.

लहान आणि पुष्कळ बियांसाठी, म्हणजे तरवड नि मुरुडशेंगेसाठी, गरम पाणी. पाणी खळखळ उकळा, गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. बिया वेगळ्या भांड्यात ठेवा आणि त्यांच्या आठ-दहा पट पाणी त्यांच्यावर ओता. झाकण ठेवा, झोपायला जा. सकाळी फुगलेल्या बिया निवडून त्याच दिवशी पेरा. न फुगलेल्यांना पुन्हा एकदा तसंच पाणी. दुसऱ्यांदाही हटून बसल्या तर पॉलिश पेपर. गॅसवर बिया उकळायच्या नाहीत, हे माझ्या उसळीवरून लक्षात आलंच असेल.

मुरुडशेंगेच्या पिळदार शेंगा हिवाळ्यात वाळतात. बी काढायला त्या पोत्यात घालून बडवाव्या लागतात. मुठीत घेऊन पिळायला जाऊ नका, तळहात सोलतो.

मोठ्या बियांसाठी, म्हणजे सागरगोट्यासाठी, कानस. घरात कानस नसली तर खरबरीत दगड किंवा तीच शाळेतली पद्धत. डोळ्याच्या बाजूला घासू नका, गर्भाचं मूळ तिथंच टोकाला असतं. विरुद्ध कडेला घासा. राखाडी कवच जाऊन आतला फिका रंग ठिपक्याएवढा दिसला की थांबा. हातोडीनं फोडू नका, कवचाबरोबर आतली दलंही फुटतात आणि ती सडतात. घासलेला सागरगोटा एक-दोन दिवस पाण्यात ठेवला की चांगला मोठा होतो, हातात घेतला तरी फरक कळतो. शेताला काटेरी कुंपण करायचं असेल तर तारेचा खर्च करण्याआधी सागरगोट्याचा विचार जरूर करा.

गुंजेचंही कवच असंच. गुंज ही वेल, झुडूप नाही, पण कुणीतरी लावायला जाणारच म्हणून सांगतो. पाणी आत-बाहेर करत नसल्यानं वजन फारसं बदलत नाही, म्हणूनच सोनाराच्या तराजूत तिला जागा मिळाली. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. पण अखंड गुंज आणि घासलेली गुंज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आतलं द्रव्य जहाल विष आहे आणि ते अडवून धरतं ते हेच कवच. कोरडी घासून भुकटी उडवू नका, मुलांसमोर तर मुळीच नको. गरम पाणी वापरा, ते पाणी फेकून द्या आणि भांडं पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

गंधकाम्लात बुडवायची पद्धत प्रयोगशाळेत चालते. घरी करू नका, तिची गरजही पडत नाही. त्यापेक्षा जुनी युक्ती बरी: शेणकाल्यात एक-दोन दिवस भिजवणं. किंवा धनगराचा वाडा गाठा. शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात, रवंथ करताना टणक बी तोंडातून टाकतात, काही लेंड्यांतून पडतं. वाड्यात झाडून गोळा केलेलं हे बी रोपवाटिकावाले मुद्दाम विकत घेतात. बाभूळ झुडूप नसली तरी मुद्दा तोच.

घाईच्या बिया: करवंद, जांभूळ

डोंगरची काळी मैना मे महिन्यात टोपल्यांतून येते. खाल्ली, बी धुतलं, एक-दोन दिवस सावलीत कोरडं केलं आणि पेरलं. एवढंच. हे बी डबीत भरून पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, उन्हात तर अजिबात वाळवू नका. जसजसं कोरडं होत जातं तसतशी त्याची उगवणक्षमता झपाट्यानं उतरते. जांभळाचंही तसंच. ताज्या करवंदाचं बी साधारण दोन ते चार आठवड्यांत वर येतं. रोप मात्र संथ वाढतं, पहिल्या वर्षी वीतभर झालं तरी समाधान माना.

करवंदाचं बी मागवायला लोक टपालानं पाकिटं मागवतात. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: फळ कोणत्या महिन्यातलं? उत्तर नीट आलं नाही तर पैसे वाचवा आणि मे महिन्याची वाट बघा.

बोर मात्र आपल्याच नियमानं

बोर हिवाळ्यात पिकतं. आपण ज्याला बी म्हणतो ती आठळी असते, खरं बी तिच्या आत. एक किंवा दोन, चपटं, तपकिरी, चकचकीत. आठळी तशीच पेरली तर उगवायला तीन-चार आठवडे लागतात. आठळी हलक्या हातानं फोडून बी काढून पेरलं तर आठवड्याभरात कोंब दिसू शकतो. फोडायला पाटा-वरवंटा वापरा, पण वरवंटा उभा आपटू नका. आठळीवर ठेवून दाब द्या, ‘कट्’ असा आवाज आला की पुरे. सगळ्यांनाच जमत नाही, पहिल्या दहात तीन-चार बिया चिरडणार हे धरून चाला. फोडायचं नसेल तर मिठाच्या पाण्याची चाळणी लावा: लिटरभर पाण्यात साधारण १७० ते १८० ग्रॅम मीठ, त्यात आठळ्या टाका, तरंगतील त्या काढून टाका, तळाशी बसलेल्या स्वच्छ धुऊन पेरा. मीठ धुवायला विसरू नका.

आतून कच्च्या बिया

काही बिया पाण्यात फुगतात, कवचाचा काही प्रश्न नसतो, तरी उगवत नाहीत. सीताफळ हे ओळखीचं उदाहरण. मूळचं अमेरिका खंडातलं, पण आपल्या माळांवर आता रानझुडपासारखंच पसरलेलं. त्याच्या बियांत गर्भ इवलासा असतो आणि त्याची वाढ पूर्ण व्हायची असते. इथं कानस आणि गरम पाणी दोन्ही फुकट. दिवाळीच्या आसपास काढलेलं बी कोरड्या, सावलीच्या जागी उन्हाळाभर ठेवा, जूनमध्ये पेरा, आणि महिनाभर किंवा त्याहून जास्त वाट बघायची तयारी ठेवा.

धुळीसारखं बी: धायटी

धायटीची लाल फुलं आसव-अरिष्टं आंबवायला लागतात हे माहीत असेल. तिचं बी मात्र बघितलेलं नसतं, कारण ते बघण्याएवढं मोठंच नाही. असलं बारीक बी खोल पुरलं तर त्याच्या अंगात वर यायचं बळ नसतं, आणि अशा बऱ्याच बियांना उगवायला उजेडही लागतो. चिमूटभर बी मूठभर बारीक वाळूत मिसळा, सपाट केलेल्या ओल्या मातीवर भुरभुरा, वरून माती टाकू नका. झारीनं पाणी घातलंत तर सगळं एका कोपऱ्यात वाहून जाईल. पसरट कुंडी पाण्याच्या परातीत ठेवा, पाणी खालून चढू द्या. वर काच किंवा प्लास्टिकचा कागद, थेट ऊन नको. दोन-चार पानं आली की चिमट्यानं उचलून पिशवीत लावा.

निरगुडीचं बी रुजवत बसू नका. पेन्सिलीएवढी काडी पावसाळ्यात खोचा, लागते. आणि घाणेरी, रानमोडी यांचं बी चुकूनही घरी आणू नका. ती आपली आपण पुरेशी पसरली आहेत.

पेरणी

रोहिणी नक्षत्राच्या सुमाराला, म्हणजे २५ मेच्या पुढे, पेरलं की कोवळ्या रोपाला दमट हवा मिळते. माती, वाळू आणि जुनं कुजलेलं शेणखत दोनास एक एक या प्रमाणात. ताजं शेणखत तापतं. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, जास्त नाही. पिशवी उथळ नको: रानझुडपांचं सोटमूळ आधी खाली धावतं, वर दोन पानं दिसतात तेव्हा मूळ पिशवीच्या तळाला टेकलेलं असतं आणि गोल गुंडाळायला लागतं. मी तळ कापलेल्या दुधाच्या पिशव्या वापरतो, फुकट आणि उंच.

पाणी रोज हवंच असं नाही. बोट खुपसून बघा, पेरापर्यंत ओल लागली तर राहू द्या. सतत चिखल ठेवला की रोपं मातीलगत काळी पडून कोलमडतात, आणि एका रात्रीत अख्खी रांग आडवी होते. असं झालं तर पाणी तोडा, पिशव्या विरळ मांडा, वारा खेळू द्या.

बीजगोळ्यांविषयी

दर मे महिन्यात शेकडो बीजगोळे डोंगरावर फेकण्याचे कार्यक्रम होतात. हौस चांगली आहे, म्हणून दुखावण्याचा हेतू नाही. पण एकाच टोपलीत जांभूळ, करवंद, तरवड, बोर असं सगळं मातीत वळून पंधरा दिवस उन्हात वाळवलं तर करवंद-जांभूळ गोळ्यातच मरतं. तरवड तसाच कुलूपबंद राहतो. आणि कुणी हुशारीनं तरवडाला आधी गरम पाणी दिलेलं असेल तर ओल्या मातीत ते फुगतं आणि गोळा वाळताना तेही मरतं. गोळे करायचेच असतील तर न भिजवलेलं, न घासलेलं कोरडं बी वापरा (कुलूपबंद बी उशिरा उगवेल, पण गोळ्यात मरणार नाही), गोळे सावलीत वाळवा, आणि पहिले दोन मोठे पाऊस होऊन गेल्यावर टाका. करवंदासाठी गोळा नको. काठीनं भोक पाडून बी टोचा, कातळाच्या फटीत किंवा दुसऱ्या काटेरी झुडपाच्या बुडाशी, म्हणजे शेळी पोचणार नाही.

किती दिवस वाट पाहायची

वही ठेवा. बी कुठलं, कधी काढलं, काय केलं, कधी पेरलं, पहिला कोंब कधी. प्रत्येक वेळी काही बिया उपचार न करता वेगळ्या पिशवीत पेरा, नाहीतर उगवलं ते तुमच्या युक्तीनं की आपसूक, हे कळणार नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ साली वीस बाटल्यांत तणांच्या बिया वाळूत मिसळून पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरतात. २०२१ साली उकरलेल्या बाटलीतल्या काही बिया तेव्हाही उगवल्या. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे.

आपल्याला इतका दम नको, पण तीन आठवड्यांत कंटाळून पिशव्या उपड्या करू नका. माझ्या पहिल्या तरवडाची माती मी वैतागून कंपोस्टच्या खड्ड्याकडेला टाकली होती. पुढच्या जुलैमध्ये तिथं तरवडाची रोपं दाटीनं उभी होती, आणि ती काढून लावायला मला जागा पुरेना. न उगवलेल्या कुलूपबंद बियांच्या पिशव्या भिंतीच्या कडेला उन्हात ठेवून द्या, पाणी बंद करा, चिठ्ठीवर पेन्सिलीनं नाव लिहा (शाई एका उन्हाळ्यात उडते), आणि पुढचा मृग लागला की पुन्हा भिजवा.